कोपराच्या खळग्यात सुई घालण्याआधी

रोजच्या बोलण्यात 'नस' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. 'आजीची नसच सापडत नाही' यातली नस म्हणजे रक्ताची शीर. 'कमरेत नस दबली' यातली नस म्हणजे मज्जातंतू. घरी बोलताना याने काही बिघडत नाही. पण डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) किंवा नर्सिंगला आलेल्या, पहिल्यांदा सुई हातात धरणाऱ्या मुलामुलींनी हे दोन शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत. कोपराच्या आतल्या खळग्यात या दोन्ही 'नसा' एकमेकींना खेटून असतात आणि त्यांच्या सोबतीला एक मोठी धमनीही असते. सुई जायला हवी ती फक्त शिरेत.

नवशिक्याची चूक बहुतेक वेळा सुई घालण्याच्या आधीच होऊन गेलेली असते. टुर्निकेट, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, बांधलं, आतल्या बाजूला एक जाड निळी शीर टम्म फुगलेली दिसली, की हात आपोआप तिकडे जातो. ती शीर छान दिसते, पण तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. म्हणून शिकताना क्रम उलटा ठेवा. आधी खोलवर काय आहे ते बोटांनी ओळखा, मग वरची शीर निवडा.

आधी स्वतःच्या हातावर

यासाठी ना सुई लागते ना टुर्निकेट. एक पेन आणि दहा मिनिटं पुरतात.

डावा हात तळवा वर करून टेबलावर ठेवा. कोपराच्या दोन्ही बाजूंना हाडाचा एकेक उंचवटा लागतो. आतला जास्त ठळक असतो. दोन्ही उंचवट्यांना जोडणारी रेघ कातडीवर काढा. हा त्रिकोणाचा पाया. आता कोपर काटकोनात वाकवून मूठ वळा, अंगठा वर ठेवा आणि टेबलाच्या खालच्या कडेला मनगट लावून वर दाबा. अंगठ्याच्या बाजूला जो स्नायू फुगून येतो तो ब्रेकिओरेडिअॅलिस. ही त्रिकोणाची बाहेरची बाजू. आतल्या उंचवट्यापासून तिरका खाली जाणारा प्रोनेटर टेरीस ही आतली बाजू. या दोघांच्या मधला, मनगटाकडे निमुळता होत जाणारा भाग म्हणजे कोपराचा खळगा. तळवा वर असताना अंगठ्याकडची बाजू ती बाहेरची आणि करंगळीकडची ती आतली, हे एकदा पक्कं करून घ्या; पुढे सगळीकडे हाच अर्थ आहे.

आता कोपर वाकलेलं आणि तळवा वर ठेवून दुसऱ्या हाताने मनगट खाली दाबा, आणि डाव्या हाताने त्याला विरोध करा. खळग्याच्या मधोमध एक टणक दोरी ताणली जाते. ही बायसेप्स स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. कोणाच्याही हातावर, अगदी जाड माणसाच्याही, सर्वांत खात्रीने सापडणारी खूण हीच.

हात सैल सोडा, जवळजवळ सरळ करा. कंडरेच्या लगेच आतल्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट ठेवून हलका दाब द्या. ठोके लागतील. ही ब्रेकिअल धमनी. बीपी बघताना स्टेथोस्कोप जिथे ठेवतात ती हीच जागा. तिच्याही आतल्या बाजूला मीडियन मज्जातंतू असतो. तो बोटाला कळत नाही, पण ठोके जिथे लागतात त्याच्या शेजारी तो आहे, असं धरूनच चालायचं. बाहेरून आत असा क्रम तोंडपाठ करा: कंडरा, धमनी, मज्जातंतू. ठोक्यांच्या जागी पेनाने एक ठिपका द्या.

आणखी एक गोष्ट शोधा. पुन्हा विरोध करत हात वाकवा आणि कंडरेच्या आतल्या कडेवरून बोट करंगळीकडे सरकवा. तिथे एक पातळ, धारदार कडेचा पडदा आतल्या बाजूला तिरका जाताना लागतो. कंडरेपासून निघणारा हा तंतूंचा पडदा धमनी आणि मीडियन मज्जातंतू यांच्या वरून जातो, आणि रक्त काढण्याच्या शिरा त्याच्याही वर, कातडीखाली असतात. शिरा कापून रक्त सोडण्याच्या काळात फ्रान्समधले न्हावी-वैद्य याला 'देवाची कृपा' म्हणत, कारण चुकलेलं पातं धमनीपर्यंत पोचण्याआधी तो आडवा यायचा. पातळ, तीक्ष्ण सुईला मात्र तो अडवू शकत नाही. उलट त्याच्याखाली रक्त साठलं तर त्याला पसरायला जागा मिळत नाही. त्याचे परिणाम पुढे सांगितले आहेत.

धमनी साधारण त्रिकोणाच्या खालच्या टोकाजवळ दोन फाट्यांत विभागते. काही लोकांत मात्र ती दंडातच विभागलेली असते आणि एक फाटा कातडीच्या अगदी जवळून, शिरेच्या शेजारून खाली येतो. असा हात बाहेरून ओळखू येत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या निवडलेल्या शिरेवर, टुर्निकेट बांधण्याआधी, ठोके लागतात का हे बघायचंच. ठोके बघताना अंगठा वापरू नका. अंगठ्याचे स्वतःचेच ठोके जाणवतात आणि फसगत होते.

वरच्या शिरांचा नकाशा

आता दंडाला टुर्निकेट बांधून बघा. बाहेरच्या बाजूने सेफॅलिक शीर वर जाते, आतल्या बाजूने बॅसिलिक. दोघींना तिरकी जोडणारी ती मीडियन क्युबायटल. या तिघी मिळून इंग्रजी एच अक्षरासारखी आकृती होते. बऱ्याच हातांवर एम दिसतो: हाताच्या मध्यातून वर येणारी एक शीर खळग्यात दोन फाटे करते, एक सेफॅलिककडे, एक बॅसिलिककडे. काही हातांवर यातलं काहीच ओळखू येत नाही. म्हणून शिरांची नावं चित्रावरून पाठ करून भागत नाही. कंडरेच्या कोणत्या बाजूला आहोत, हे कळणं जास्त महत्त्वाचं.

पहिली पसंती मीडियन क्युबायटल. ती मोठी असते, वरच असते, आणि मुख्य म्हणजे पळत नाही. याचं कारण शरीररचनेत आहे. या भागातून एक छोटी शीर खालचा पडदा भेदून खोलवरच्या शिरांना जाऊन मिळते आणि खिळा ठोकावा तशी वरच्या शिरेला जागेवर धरून ठेवते. त्यातही खळग्याच्या मधोमध किंवा किंचित बाहेरच्या बाजूला टोचा. हीच शीर जसजशी आतल्या टोकाकडे जाते तसतशी ती धमनीच्या वर येते.

दुसरी पसंती सेफॅलिक. जाड हातावर ती डोळ्यांना दिसत नाही, पण खळग्याच्या बाहेरच्या कडेला बोटाला लागते. ती थोडी सरकते, म्हणून कातडी नीट ताणून धरावी लागते. ती बरीच वरवर असल्यामुळे सुई जवळजवळ आडवी, 15 अंशांच्या आसपास ठेवायची.

बॅसिलिक सर्वांत शेवटी, आणि तीही दोन्ही हात तपासून झाल्यावर. अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या सूचनाही हेच सांगतात. ही शीर सहसा सर्वांत जाड दिसते, पण ती पळते, टोचताना जास्त दुखते, आणि तिच्या परिसरात धमनी, मीडियन मज्जातंतू आणि कातडीचा एक मज्जातंतू असे तिघेही असतात. अनुभवी हातांनीसुद्धा जिथे विचार करून जायचं, तिथे नवशिक्याने स्वतःहून जाऊ नये. उजव्या हातावर शीर सापडली नाही तर डावा बघा. डाव्यातही नुसती बॅसिलिकच असेल तर वरिष्ठांना बोलवा.

आता कातडीचे मज्जातंतू. बाहेरच्या बाजूला, कंडरेच्या बाहेरच्या कडेने एक वर येतो आणि सेफॅलिकच्या आसपासच खाली उतरतो. आतल्या बाजूला दुसरा बॅसिलिकच्या सोबतीने जातो, आणि त्याच्या फांद्या मीडियन क्युबायटलच्या कधी वरून, कधी खालून जातात. म्हणजे खळग्यात शंभर टक्के बिनधोक असा एकही ठिपका नाही. धोका कमी करायचे मार्ग तीनच: जागा बरोबर निवडणं, सुई उथळ ठेवणं, आणि आत गेल्यावर ती शोधत न फिरवणं.

सुश्रुतांनी शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं, सांगताना प्लीहेच्या विकारात डाव्या कोपराच्या सांध्याच्या आतल्या बाजूची शीर सांगितली आहे. पण त्याआधी त्यांनी अवेध्य, म्हणजे कधीच न टोचायच्या शिरा मोजून दिल्या: 98. कुठे टोचायचं नाही ते आधी शिकवण्याची ही पद्धत आजच्या विद्यार्थ्यालाही तितकीच लागू आहे.

बोटाला काय लागतं

नवशिके डोळ्यांवर फार विसंबतात. सावळ्या कातडीवर, सुजलेल्या किंवा जाड हातावर डोळे काहीच सांगत नाहीत. तर्जनीने दाबा आणि सोडा. शीर असेल तर पाण्याने भरलेल्या मऊ नळीसारखी दबते आणि उसळून वर येते. कंडरा टणक असते, उसळत नाही. गुठळी झालेली जुनी शीर वायरसारखी कडक लागते आणि बोटाखाली घरंगळते. तिथे टोचून रक्त येणार नाही. खात्री नसेल तर टुर्निकेट सोडून पुन्हा बघा: शीर सपाट होते, कंडरा तशीच राहते.

शीर सापडली की तिच्यावरून बोट वर-खाली फिरवून ती कोणत्या दिशेने जाते ते ठरवा. मीडियन क्युबायटल तिरकी असते. सुई सरळ दंडाच्या दिशेने घातली तर ती शिरेला आडवी छेदून पलीकडे निघते. मधेच छोटी गाठ लागली तर ती बहुधा झडप असते. विल्यम हार्वे यांनी 1628 साली रक्ताभिसरण मांडताना हाताला पट्टी बांधून याच गाठी दाखवल्या होत्या. सुईचं टोक झडपेवर किंवा दोन शिरा मिळतात तिथे अडकू नये, म्हणून मधला सरळ भाग निवडा.

हातमोज्यामुळे बोटाला कळत नाही म्हणून मोज्याचं टोक कापणारे लोक आहेत. तसं करू नका. आधी मोज्याशिवाय, हात धुऊन, शीर शोधा. जवळच्या तिळाची किंवा कातडीच्या सुरकुतीची खूण लक्षात ठेवा. मग मोजे घाला. आठवडाभरात मोज्यातूनही कळायला लागतं.

प्रत्यक्ष रक्त काढताना

पहिल्या काही वेळा शेजारी अनुभवी माणूस असायलाच हवा. सामान आधी मांडा: 21 किंवा 22 गेजची सुई (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक), सिरिंज किंवा व्हॅक्युम होल्डर, लागणारे बल्ब (रक्त भरायच्या नळ्या), 70 टक्के अल्कोहोलचा स्वॅब, कोरडा कापूस, टुर्निकेट, आणि हाताच्या अंतरावर सुया टाकायचा डबा. बारीक शिरेसाठी 23 गेजची बटरफ्लाय सुई, जिला आपल्याकडे स्काल्प व्हेन म्हणतात. यापेक्षा बारीक सुईने मोठ्यांचं रक्त ओढलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि सॅम्पल हिमोलाइज होतं.

1. नाव विचारा, सुचवू नका. 'तुम्ही पाटीलकाका ना?' असं विचारलं की कमी ऐकू येणारे जोशीकाकाही मान डोलावतात. 'काका, तुमचं पूर्ण नाव सांगा' असं म्हणा. जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक यांपैकी एक ताडून बघा.

2. तीन प्रश्न विचारा. रक्त देताना कधी चक्कर आली होती का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कुठल्या हातावर शस्त्रक्रिया, सलाइन किंवा डायलिसिसची फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) आहे का? चक्कर येणाऱ्याला आडवंच झोपवा. फिस्टुलाच्या हाताला टुर्निकेटही लावायचं नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वापरायचा नाही. सलाइन चालू असेल तर दुसरा हात घ्या, नाहीतर अहवालात साखर आणि क्षार सलाइनचे येतील. सूज, पुरळ, भाजल्याचा व्रण किंवा जुना काळानिळा डाग असेल ती जागा टाळा.

3. हात सरळ, खाली आधार देऊन, खांद्यापेक्षा खाली ठेवा. कोपर ओढून ताणू नका. कोपराखाली घट्ट गुंडाळी केलेला टॉवेल चालतो.

4. टुर्निकेट कोपराच्या घडीपासून साडेसात ते दहा सेंटिमीटर वर, म्हणजे चार-पाच बोटं वर बांधा. मनगटाची नाडी लागली पाहिजे. लागत नसेल तर बांधणी फार घट्ट आहे. नाजूक कातडीच्या आजी-आजोबांना बाहीवरून बांधा. मूठ हलकेच मिटायला सांगा, पण उघडझाप करायला लावू नका. मूठ सारखी आवळल्याने स्नायूंतून पोटॅशियम रक्तात उतरतं आणि निरोगी माणसाचा अहवाल घाबरवणारा येतो. शिरेवर चापट्याही मारू नका. शीर वर येत नसेल तर हात दोन मिनिटं खाली लोंबू द्या किंवा कोमट पाण्यात पिळलेलं फडकं चार-पाच मिनिटं ठेवा.

टुर्निकेटचा हिशेब एका मिनिटाचा. त्यापुढे शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं, आणि प्रथिनं, कोलेस्टेरॉल, पेशी यांचे आकडे वाढलेले दिसतात. शोधण्यातच मिनिट गेलं तर सोडा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा बांधा.

5. स्वॅबने 30 सेकंद पुसा आणि 30 सेकंद वाळू द्या. फुंकर मारायची नाही, पुसलेल्या जागी पुन्हा बोट लावायचं नाही. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर चरचरतं आणि पेशीही फुटतात.

6. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, टोचायच्या जागेच्या तीन-चार सेंटिमीटर खाली, कातडी मनगटाच्या दिशेने ताणून धरा. एक बोट वर, अंगठा खाली आणि मधे सुई अशी पकड करू नका. रुग्णाने हात झटकला तर सुई तुमच्याच बोटात घुसते.

7. सुईचं तिरकं तोंड वर, शिरेच्या दिशेत, 15 ते 30 अंशांत. हे आकडे कशासाठी, ते एका हिशेबात कळेल. सुई 30 अंशांत धरून 1 सेंटिमीटर सरकवली तर टोक 5 मिलिमीटर खोल जातं. 15 अंशांत तेवढीच सरकवली तर अडीच मिलिमीटरच. 45 अंशांत ते 7 मिलिमीटरवर पोचतं, आणि बारीक अंगाच्या माणसात तिथे शिरेची मागची भिंत केव्हाच ओलांडलेली असते. 'दोन बोटं आत घाला' अशा भाषेत कोणी शिकवत असेल तर हा हिशेब आठवा.

कातडीतून एका दमात जा. घाबरत, हळूहळू घुसवलेली सुई जास्त दुखते आणि शिरेला बाजूला ढकलते. शिरेत शिरताना अडथळा एकदम सैल झाल्यासारखा वाटतो. सिरिंज असेल तर हबमध्ये, म्हणजे सुईच्या मागच्या टोकात, रक्त डोकावतं. तिथेच थांबा, सुई आणखी आडवी करा आणि हात रुग्णाच्या हातावर टेकवून स्थिर करा. दट्ट्या हळू ओढा. जोरात ओढलं तर शिरेच्या भिंती सुईच्या तोंडाला चिकटतात आणि शीर बसते.

8. रक्त नीट वाहू लागलं की टुर्निकेट सोडा, मूठही सोडायला सांगा. सुई बाहेर काढेपर्यंत टुर्निकेट तसंच राहिलं तर छिद्रातून रक्त कातडीखाली पसरतं. नवशिक्यांची ही सर्वांत नेहमीची चूक.

9. बल्बचा क्रम: ब्लड कल्चर असेल तर ते आधी, मग निळ्या बुचाचा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळ्या बुचाचा सीरमचा, मग हिरवा हेपॅरिन, मग जांभळा ईडीटीए, आणि शेवटी करड्या बुचाचा फ्लोराइड. ईडीटीएमध्ये पोटॅशियमचा क्षार असतो आणि तो कॅल्शियमला बांधतो. त्याचा थेंब सीरमच्या बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम वाढलेलं आणि कॅल्शियम घटलेलं दिसतं. सायट्रेटच्या बल्बमध्ये रक्त आणि औषधाचं प्रमाण 9 ला 1 असं हवं, म्हणून रेघेपर्यंत भरलाच पाहिजे. स्काल्प व्हेनने पहिलाच बल्ब सायट्रेटचा असेल तर नळीतली हवा आत जाऊन तो कमी भरतो. आधी एक जादा बल्ब थोडा भरून बाजूला ठेवा. ईडीटीए आणि फ्लोराइड आठ ते दहा वेळा, सायट्रेट तीन-चार वेळा हळुवार उलटासुलटा करा. हलवणं म्हणजे खुळखुळ्यासारखं हलवणं नव्हे.

10. कोरडा कापूस जागेवर नुसता टेकवा, सुई आली त्याच कोनात बाहेर काढा, आणि ती बाहेर आल्यावर दाबा. आधी दाबलं तर सुईची धार शिरेला चिरते. हात सरळच ठेवून दोन-तीन मिनिटं दाब. वॉरफेरिन, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू असेल तर पाच मिनिटं किंवा जास्त. आपल्याकडे कापूस ठेवून कोपर दुमडायची सवय घरोघरी आहे. दुमडल्याने छिद्रावर नेमका दाब येत नाही, आणि हात उघडला की सुकलेली खपली निघून पुन्हा रक्त येतं. कापूस चोळायचाही नाही.

11. बल्बवर नाव रुग्ण समोर असतानाच लिहा. आधी लिहून ठेवलेले रिकामे बल्ब हे अदलाबदलीचं मूळ.

रक्त आलं नाही तर

आधी विचार करा की टोक कुठे असेल. शिरेपर्यंत पोचलंच नसेल तर त्याच रेषेत किंचित पुढे. मागच्या भिंतीत गेलं असेल तर किंचित मागे. तोंड भिंतीला चिकटलं असेल तर किंचित मागे घेऊन कोन थोडा कमी करा. व्हॅक्युम बल्ब असेल तर दुसरा लावून बघा. बल्बमधला व्हॅक्युम गेलेला असू शकतो. इतकंच. सुई आत ठेवून टोक डावी-उजवीकडे फिरवत शीर शोधणं पूर्णपणे बंद. मज्जातंतूला इजा होण्याचं आणि धमनी टोचली जाण्याचं मोठं कारण हे आहे. शीर बाजूला पळाली असेल तर टुर्निकेट सोडा, सुई काढा, दाबा, नव्या सुईने नव्या जागी जा. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा दुसऱ्या माणसाने करायचा. यात कमीपणा काही नाही.

धोक्याच्या खुणा

रुग्ण एकदम ओरडला, 'करंट लागला', 'बोटापर्यंत झिणझिण्या गेल्या' असं म्हणाला, तर वाक्य पूर्ण व्हायची वाट बघू नका. टुर्निकेट सोडा, सुई लगेच काढा. 'दोनच मिनिटं काका, झालंच' असं म्हणून रक्त ओढत राहणं हा अक्षम्य प्रकार आहे. मग कळ कुठे गेली ते नीट विचारा, कारण त्यातून कोणता मज्जातंतू ते कळतं. हाताच्या बाहेरच्या बाजूने अंगठ्याच्या मुळापर्यंत गेली तर बाहेरचा कातडीचा मज्जातंतू. आतल्या बाजूने करंगळीकडच्या मनगटापर्यंत गेली तर आतला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत गेली तर मीडियन, आणि याचा अर्थ सुई बरीच खोल गेली होती. जागा, वेळ, रुग्णाचे शब्द लिहून ठेवा आणि डॉक्टरांना तेव्हाच सांगा. पुढचा प्रयत्न दुसऱ्या हातावर. बधिरपणा किंवा वेदना टिकली तर परत यायला बजावून सांगा.

रक्त लालभडक, ठोक्यागणिक उसळत, बल्ब झरझर भरत आलं तर धमनी लागली आहे. टुर्निकेट सोडून सुई काढा आणि घड्याळ लावून कमीत कमी पाच ते दहा मिनिटं स्वतः दाबा. रुग्णाच्या हाती कापूस देऊन निघून जाऊ नका. मग मनगटाची नाडी, बोटांचा रंग आणि ऊब तपासा आणि डॉक्टरांना कळवा.

टोचताना बाजूला फुगवटा येऊ लागला तर शीर फुटली. सुईचं तोंड अर्धं बाहेर राहिलं किंवा मागची भिंत भेदली गेली, की हे होतं. थांबा, सोडा, काढा, दाबा. लहान डाग आठ-दहा दिवसांत हिरवा-पिवळा होऊन जातो. पण मघाच्या त्या पडद्याखाली रक्त साठत राहिलं तर ते मीडियन मज्जातंतूला दाबतं, आणि त्रास काही तासांनी सुरू होतो: वाढत जाणारी कळ, ताठर सूज, बोटं बधिर होणं. रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांना ही लक्षणं जाण्याआधी सांगून ठेवा. त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं असतं.

चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, जांभया यायला लागल्या तर चक्कर येणार आहे. टुर्निकेट आणि सुई काढा, दाब ठेवून आडवं करा, पाय उचला. शुद्ध पूर्ण येईपर्यंत पाणी पाजू नका.

सुईचा शेवट

वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवायचं नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात. सुई काढलेली सिरिंज आणि मोजे लाल पिशवीत. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. डबा तीन चतुर्थांश भरला की बदला. सुया दाबून बसवताना हाताला लागतं.

स्वतःला सुई लागलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. ताबडतोब वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली. शक्यतो पहिल्या दोन तासांत, आणि 72 तास उलटल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही. हिपॅटायटिस बीची लस 0, 1 आणि 6 महिने अशा तीन मात्रांत असते, आणि शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी प्रतिपिंडं तयार झाली की नाही हे रक्त तपासून बघतात. तिची पहिली मात्रा प्रात्यक्षिकाचा पहिला दिवस उजाडण्याआधीच घेतलेली असावी.